नऊ नंबरचं धुणं

आमच्या घरात माझ्याबद्दल एक गोष्ट सांगतात. भावाची मुलं-नातवंडं जमली की कुणीतरी ती काढतंच. त्या गोष्टीत मी फार शहाणी आहे. एक शब्दही न बोलता मी माझ्या भावाचा पाय वाचवला, असं त्या गोष्टीत आहे. मी ऐकते, मान डोलावते आणि हातातलं काम चालू ठेवते. आता वय असं झालं आहे की खोटं खोडून काढायचाही कंटाळा येतो. पण गेल्या आठवड्यात भाऊ तीन जिने चढून माझ्याकडे आला, आमचं थोडं बोलणं झालं, आणि तो गेल्यावर वाटलं की झालं तसं एकदा लिहून ठेवावं.

भाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. घरात तो धाकटा, बाहेर तोफ. डाव्या पायाची त्याची किक तशी होती म्हणून लोकांनी ठेवलेलं नाव. एकोणिसाव्या वर्षी तो क्लबात गेला आणि चौदा हंगाम तिथंच खेळला. जागा फॉरवर्डची, पाठीवर नऊ नंबर. समोरच्यांच्या नाकी नऊ आणतो म्हणून नऊ, असं आमची आई शेजारपाजारी सांगायची. तिला खेळ कळत नव्हता, पण जगाची रीत कळत होती. बाकीचे दहा जण मरमर मरतात आणि पेपरात फोटो ह्याचा येतो, असंही तीच म्हणायची.

मी त्याच क्लबात कपडे धुवायला होते. माझे यजमान लवकर गेले. तिसाव्या वर्षी मी माहेरी परत आले, आणि धाकट्याने क्लबाच्या सेक्रेटरीला जाऊन सांगितलं की माझ्या ताईला काम द्या. त्या वर्षी त्याने इतके गोल केले होते की त्याने हत्ती मागितला असता तरी मिळाला असता. मला धुलाईची खोली मिळाली.

ती खोली प्रेक्षकांच्या पायऱ्यांच्या खाली होती. दोन मशीन, एक दगडी ओटा, कपडे वाळवायच्या दोऱ्या आणि मधोमध एक लांब टेबल. भिंतीत वरच्या बाजूला एक अरुंद खिडकी होती, ती बाहेरून बरोबर मैदानाच्या जमिनीला लागून. तिच्यातून फक्त पाय दिसायचे. लोक तिकीट काढून पूर्ण सामना बघायचे. मी बारा वर्षं फुटबॉल पाहिला तो घोट्यापासून गुडघ्यापर्यंत. पण पाय पाहून माणूस ओळखता येतो. गोलकीपर एकाच जागी टाचा उचलून उचलून ठेवायचा. तीन नंबर फेंगडा पळायचा. धाकट्याचे पाय खिडकीवरून गेले की काच थरथरायची, निदान मला तसं वाटायचं.

खेळाडूंचे कपडे धुणं म्हणजे घरचं धुणं नव्हे. चिखल ओला असताना धुवायला घेतला की तो कापडात शिरतो आणि मग जन्मात निघत नाही. आधी वाळू द्यायचा, मग झटकायचा, ब्रश मारायचा, आणि मग पाणी. गवताच्या डागाला वेगळा साबण. मोजे तर सगळे जण उलटे काढून, गोळा करून फेकायचे. अकरा जणांचे बावीस गोळे. ते सुलटे करण्यात माझ्या आयुष्याचे किती तास गेले असतील, देव जाणे. सामना शनिवारी असायचा. कपडे रविवारभर दोरीवर वाळायचे आणि सोमवारी सकाळी धुवायला पडायचे.

आणि सोमवारी सकाळी मास्तर यायचे.

मास्तर म्हणजे क्लबाचे कोच. तरुणपणी ते स्वतः मधल्या फळीत खेळलेले. बोलणं कमी. सोमवारी आठ वाजता हातात चहाचा ग्लास घेऊन ते माझ्या खोलीत येत आणि म्हणत, "मांडा." मग मी न धुतलेले कपडे टेबलावर मांडायची, एक ते अकरा, प्रत्येकाची जर्सी, चड्डी आणि मोजे. कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक फिरतं तसे मास्तर टेबलाभोवती फिरायचे. सातने आज अंग चोरलं. चार नंबर घसरला, पण उशिरा घसरला. दोनचे कपडे बघा, शेतात नांगर धरल्यासारखे. सामना त्यांनी काठावर उभं राहून पाहिलेलाच असे, पण गोल झाला की सगळ्यांचेच डोळे दिपतात, त्यांचेही, असं ते म्हणायचे. नव्वद मिनिटं कोण राबलं ते कपडे सांगतात. हल्ली म्हणे खेळाडूंच्या छातीला एक यंत्र बांधतात, कोण किती पळालं ते त्यात कळतं. आमच्याकडे ते यंत्र म्हणजे एक टेबल आणि मी.

खेळाडूंना ह्यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना वाटायचं मास्तरांच्या अंगात येतं.

ऐकून ऐकून मीही कपडे वाचायला शिकले, आणि पुढे पुढे मास्तरांपेक्षा चांगले वाचायला लागले. पळणाऱ्या माणसाचा चिखल मागून उडतो. त्याच्याच बुटांनी उडवलेले शिंतोडे त्याच्या पोटऱ्यांवर, चड्डीच्या मागे, कधी पार पाठीवरच्या नंबरापर्यंत जातात. पडलेल्या माणसाचा डाग कुशीवर असतो. आणि जो नुसता उभा असतो त्याच्या जर्सीला फक्त घामाचा वास येतो. त्या चांगल्या वर्षांत धाकट्याचे कपडे सगळ्यांत घाण असायचे. फॉरवर्ड असून तो मागे यायचा, चेंडू हिसकावून न्यायचा. नऊ नंबरपाशी मास्तर थांबत, ग्लासातला चहा संपवत आणि पुढे जात. ते काही बोलत नसत, तीच शाबासकी. मला त्या घाणीचा किती अभिमान होता ते आता सांगायला हसू येतं.

त्याची एक खोड मात्र मला पुरून उरली. गोल झाला की ते मोजे धुवायचे नाहीत, नशीब धुतलं जातं म्हणे. एकदा ओळीने सात सामन्यांत गोल झाले. सातव्या आठवड्यात मी ते मोजे चिमट्याने उचलत होते. गोलकीपर माझ्या दाराशी येऊन म्हणाला, "ताई, चेंडू अडवू की नाक धरू? मला हात दोनच आहेत." आठव्या सामन्याआधी मी ते गुपचूप धुतले, आणि आठव्या सामन्यात गोल झाला नाही. धाकटा चार दिवस घुश्शात होता. नशीब कशात असतं ते मला कळत नाही. मोज्यांत होतं असं मात्र कधी वाटलं नाही.

एकोणतिसाव्या वर्षी त्याचा उजवा गुडघा गेला. किक डाव्याची होती, पण डावा पाय हाणायचा तर शरीराचा सगळा भार उजव्यावर. तोफ डावी असली तरी तोफेचा गाडा उजवा. समोरच्या संघाचा एक जण आडवा आला, आणि मला खिडकीतून आधी काही दिसलं नाही, फक्त धावणारे सगळे पाय एकदम थांबलेले दिसले. सात महिने तो घरी होता. परत आला तेव्हा लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. गोलही झाले. कुठं उभं राहायचं हे त्याला इतकं कळत होतं की चेंडू त्याला शोधत यायचा. तीन हंगाम त्याने त्या अकलेवर काढले. पण मी पाय पाहत होते. पूर्वी ते एका सामन्यात तीस-तीस वेळा माझ्या खिडकीवरून जायचे. नंतर वीस, मग दहा. शेवटच्या हंगामात कधी पाच, कधी सहा. बाकी वेळ ते दूर एका जागी उभे असायचे, डावा सरळ आणि उजवा जरासा वाकलेला, माणूस बसची वाट बघताना उभा राहतो तसे.

एका सोमवारी मास्तरांनी नऊ नंबरची जर्सी उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "ही धुऊ नका. इस्त्री करा आणि कपाटात ठेवा."

टोमणा होता, आणि तो माझ्यासमोर मारलेला होता. हा कुणाचा भाऊ हे त्यांना चांगलं माहीत होतं. हंगामाच्या शेवटी कुणाला पुढच्या वर्षी ठेवायचं आणि कुणाला नाही हे मास्तरांच्या शब्दावर ठरायचं. मी घाबरले. त्याच संध्याकाळी धाकट्याच्या घरी जाऊन मी त्याला सोमवारच्या टेबलाचं सगळं सांगितलं. इतकी वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट. ती माझी पहिली चूक. मला वाटलं, ऐकून तो पळायला लागेल.

पुढच्या सोमवारी नऊ नंबर चिखलाने माखलेला होता. मास्तर थोडा वेळ बघत राहिले आणि पुढे गेले. मी मात्र बघताक्षणी ओळखलं. सगळा चिखल पुढून होता, छातीवर आणि मांड्यांवर. पोटऱ्या कोऱ्या. पाठ कोरी. आणि चड्डीच्या उजव्या बाजूला चार बोटं स्पष्ट उमटलेली. मैदानातून आत येताना वाटेत नळाजवळ चिखल असायचा, तिथला मूठभर घेऊन त्याने अंगाला फासला होता.

मी पुन्हा त्याच्या घरी गेले. तो खुर्चीवर बसून होता, पाय स्टुलावर, गुडघ्यावर बर्फाची पिशवी. गुडघा भोपळ्याएवढा झालेला. भावजय दारातच म्हणाली, "वन्सं, ह्यांना तुम्ही काही सांगा. माझं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी." ती चहा करायला आत गेली तसं मी त्याला बोटांबद्दल विचारलं. तो आधी हसला. मग हळू आवाजात त्याने सांगितलं की तो बाहेरच्या एका डॉक्टरकडे जाऊन आला होता. गुडघ्यात गादीच उरलेली नाही, हाडावर हाड घासतंय. आत्ता थांबलास आणि ऑपरेशन केलंस तर पाय राहील. अजून एक हंगाम खेळलास तर हा पाय पुन्हा वाकायचा नाही, जन्मभर काठी. बायकोला त्याने हे सांगितलं नव्हतं. क्लबात कुणालाच नाही.

"मग थांब," मी म्हटलं.

"आणि काय करू? मला दुसरं काय येतं, ताई?" तो म्हणाला. "एकच वर्ष. क्लबाने अजून एका वर्षाच्या करारावर सही केली की पुरे. मग मी स्वतःच थांबतो."

पुढच्या वर्षी तो काय म्हणाला असता ते मला तेव्हाही कळत होतं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. पण मी त्याला लहानपणी कडेवर घेऊन फिरवलेला, त्याचे पहिले बूट मी शेजाऱ्याकडून मागून आणलेले, मला कामाला लावलं ते त्याने. आपलेच दात आणि आपलेच ओठ. आतून कपांचा आवाज आला आणि तो माझ्याकडे बघत राहिला, आता मी काय करते ह्याची वाट बघत. मी म्हटलं, "पुढून नाही लागत रे चिखल. मागून उडतो."

ही दुसरी चूक, आणि ही मी समजून उमजून केली.

स्वतःच्या पोटऱ्यांना मागून शिंतोडे मारता येत नाहीत. म्हणून ते काम माझ्याकडे आलं. शनिवारी सगळे कपडे माझ्या खोलीत आले, माणसं पांगली, की मी बादलीत क्लबाच्या अंगणातली लाल माती कालवायची. मैदान आणि आमचं अंगण, माती एकच. चुना मारायचा जुना ब्रश होता, तो बुडवून बोटाने केस मागे ओढून सोडले की बारीक शिंतोडे उडत. पोटऱ्यांवर दाट, चड्डीवर विरळ, पाठीवर दोन-चार थेंब. डाव्या मोज्यावर जरा जास्त, कारण उजवा बूट आतून माती उडवतो. कुशीला एखादा गवताचा डाग, मूठभर गवत घासून. खोटं कशाला सांगू, मला ते छान जमायचं. दोरीवर वाळत घातलेला नऊ नंबर पाहिला की वाटायचं, जुना धाकटा आज खेळून आला.

सोमवारी मास्तर फिरायचे. एकदा म्हणाले, म्हातारा घोडा पळायला लागला वाटतं. मी मान खाली घालून मोजे सुलटे करत राहिले. त्यांना सामन्यात दिसायचं की तो उभा आहे, पण ते स्वतःच्या डोळ्यांवर कमी आणि कपड्यांवर जास्त विश्वास ठेवणारे. आपल्यालाच दिसत नसेल, वय झालं, असं त्यांना वाटायला लागलं होतं. एकदा तर त्यांनी मला विचारलं की चष्मा कुठं चांगला मिळतो. त्या दिवशी मला घरी जाऊन जेवण गेलं नाही.

असे अकरा आठवडे गेले. धाकट्याला सामन्याआधी मालिशवाला गुडघ्यात सुई टोचायचा, सामन्यानंतर तो भिंत धरून चालायचा. घरी अळीमिळी गुपचिळी. भावजय मला विचारायची, मी म्हणायची सूज आहे, उतरेल. खोटं बोलायला लागलं की एका खोट्याने भागत नाही, पण त्यापेक्षा दमायला होतं ते ते लक्षात ठेवायला. कुणाला काय सांगितलं, कुणाला काय नाही. धुण्याने मी कधी इतकी दमले नव्हते.

हंगामाचा शेवटचा सामना बाहेरगावी होता. त्या आठवड्यांतले त्याआधीचे सगळे आमच्याच मैदानावर झाले होते. बसने चार तासांची वाट. रविवारी दुपारी बस परतली आणि माझ्या दाराशी कपड्यांच्या तीन मोठ्या पिशव्या टाकून गेली. एक मोठ्या संघाची, एक लहान गटाच्या संघाची, एक सरावाच्या कपड्यांची. माझ्या हाताखालची बाई त्या आठवड्यात आजारी होती. मी सकाळपासून उभी होते. पायात गोळे येत होते. सगळे कपडे ओले, सगळे काळपट. ओली माती कुठलीही असो, सारखीच दिसते. वाळल्यावर तिचा रंग कळतो. हे मला कळायला हवं होतं, माझा धंदाच तो. पण मी नऊ नंबरचे कपडे बाजूला काढले, जवळजवळ कोरेच होते, बादली घेतली, अंगणात गेले, माती कालवली आणि शिंतोडे मारले. हात आपोआप चालत होते. सामना कुठं झाला हा विचार मनाला शिवलासुद्धा नाही. सगळं दोरीवर घातलं, दार ओढून घेतलं आणि घरी जाऊन आडवी झाले.

सोमवारी मास्तर आले. पुढच्या वर्षी कुणाकुणाच्या सह्या घ्यायच्या त्याची यादी बरोबर होती, ती त्यांनी खिशातच ठेवली. "मांडा," म्हणाले. मी एकेक करून दोरीवरून काढत गेले आणि मांडत गेले. एक ते आठ मांडून झाले तेव्हा मी नऊ नंबर हातात घेतला, आणि घेता घेता मला दिसलं. पण तोवर मास्तर टेबलाशी आले होते आणि जर्सी माझ्या हातातून टेबलावर गेली होती.

टेबलावर आठ जणांची माती काळी होती. कोळशासारखी काळी. नववी लाल.

मास्तरांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. नऊ नंबरचा मोजा उचलला, पोटरीजवळचा एक शिंतोडा अंगठ्याने चोळला आणि बोटावर आलेली लाल धूळ बघत राहिले. मग खिडकीकडे पाहिलं. बाहेर आमचं मैदान होतं.

"ताई," ते म्हणाले, "तिथली माती काळी होती."

मी दहा नंबर काढायला दोरीकडे वळले.

"किती दिवस चाललंय हे?"

"अकरा आठवडे."

ते स्टुलावर बसले. इतक्या वर्षांत त्या खोलीत ते कधी बसले नव्हते. थोड्या वेळाने त्यांनी एवढंच विचारलं, की गुडघा का? मग मी सगळं सांगितलं, डॉक्टर काय म्हणाला ते, वाकायचं नाही म्हणाला तेसुद्धा. ते ऐकत होते आणि मोजा हातात तसाच होता. मला वाटलं होतं की ओरडतील, काम जाईल. त्यांनी मोजा टेबलावर ठेवला, हात झटकले आणि म्हणाले, "सख्खा भाऊ. तोंडाने सांगणं जड गेलं असेल. तुम्ही हे असं सांगितलंत. समजलो मी."

एवढं म्हणून ते उठले. दारात क्षणभर थांबले आणि म्हणाले की चष्मा मग नको आता. मी तोंड उघडलं होतं, चूक झाली म्हणायला. पण ते गेले होते, आणि टेबलावर अजून दोघांचे कपडे मांडायचे राहिले होते. ते मी मांडले. का मांडले ते मला आजही सांगता येणार नाही.

धाकट्याला सही मिळाली नाही. मास्तरांनी त्याला बोलावून घेतलं आणि सांगितलं, तुझ्या बहिणीने तुझा पाय वाचवला आहे, तिचे पाय धर. त्याने पाय धरले नाहीत. आठ महिने तो माझ्याशी बोलला नाही. मी त्याच्या घरी गेले होते, खरं सांगून टाकायला. म्हणावं, मी तुझ्याशी फितुरी केली नाही, दमले होते फक्त. पण दार भावजयीने उघडलं. तिला मास्तरांकडूनच डॉक्टरचं कळलं होतं. तिने मला मिठी मारली आणि रडायला लागली, वन्सं, तुम्ही नसता तर. आत धाकटा भिंतीकडे तोंड करून पडला होता. तिच्या मिठीत उभी राहून मी काय सांगणार होते? चहा घेतला आणि परत आले. त्या दिवसापासून ती गोष्ट पक्की झाली. भावजयीने मुलांना सांगितली, मुलांनी त्यांच्या मुलांना.

ऑपरेशन झालं. पाय वाकायला लागला. पहिलं वर्ष त्याने घरात बसून काढलं, मग पोहण्याच्या तलावावर राखण केली, मग एका मोठ्या शाळेने मैदानाच्या देखभालीला ठेवलं. गवत कापायचं, खड्डे बुजवायचे, सामन्याआधी चुन्याच्या रेघा मारायच्या. चोवीस वर्षं त्याने रेघा मारल्या. तोफ म्हणून हाक मारणारी माणसं आधी कमी झाली, मग संपली. एकदा मी तिथं गेले होते तेव्हा तो चुन्याचं गाडं ढकलत गोलासमोरच्या चौकटीतून चालला होता, अगदी सावकाश, मागे वळून रेघ सरळ आली का बघत. मी काठावर उभी राहून बघत होते. ह्यावेळी मला पूर्ण माणूस दिसत होता. बोलावलं नाही. परत आले.

गेल्या आठवड्यात तो आला तेव्हा दम लागला होता. सत्तर पूर्ण झाली त्याला, माझी ऐंशीला एक कमी आहे. पाणी प्याला, बूट काढले, मोजे काढले. उलटे, गोळा करून. मी ते उचलून सुलटे केले, सवयीने. नातीला शाळेत घरातल्या कुणाबद्दल तरी लिहून न्यायचं आहे, तिने ताई-आजी निवडली आहे, म्हणाला. लाल मातीची गोष्ट लिहिणार आहे. मग बराच वेळ तो त्या मोज्यांकडे बघत राहिला.

"ताई, एक विचारू? त्या दिवशी ती माती तू मुद्दाम टाकलीस का?"

सदतीस वर्षांत त्याने हे विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "नाही रे. तीन पिशव्या होत्या. दमले होते. सामना बाहेर होता हेच विसरले."

त्याने मान हलवली, जणू मी दुधाचा भाव सांगितला.

"मला वाटलंच होतं," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. माझ्याविरुद्ध मुद्दाम काही करायची तुझी छाती नव्हती."

मग आठ महिने माझ्याशी अबोला कशाला धरलास, असं मी विचारलं. त्यावर तो हसला. हसताना त्याचा चेहरा अजून धाकट्यासारखाच होतो.

"चुकीवर रागावून काय करायचं? मुद्दाम केलं म्हटलं की रागावता तरी येतं. आणि नंतर राग गेला, तेव्हा म्हटलं, बहिणीने मुद्दाम थांबवलं हेच बरं आहे. दमलेल्या बाईच्या विसरण्याने तोफ बंद पडली, हे कुणाला सांगू?"

मी म्हटलं, मलाही कुणाला सांगता आलं नाही. मग मी विचारलं की नातीला आता काय लिहायला सांगायचं. तो म्हणाला, आहे ते लिहू दे, तू शहाणी बरी दिसतेस. इतकी वर्षं दिसलीस, अजून थोडी दीस.

जाताना त्याने बूट घातले, उभा राहिला, उजवा गुडघा एकदा वाकवून पाहिला. ते त्याचं नेहमीचं. चढायला त्रास होत नाही, उतरायला होतो, म्हणाला. सोबत खाली येऊ का म्हटलं, तर म्हणाला, तू आलीस तर तुला वर कोण आणून सोडणार.

मी दार उघडं ठेवून उंबऱ्यात उभी राहिले. जिन्याचं वळण आडवं येतं, तिथून माणूस दिसत नाही. पावलं ऐकू येत होती. दुसऱ्या मजल्यावर तो थांबला. कठड्यावर हात टेकल्याचा आवाज आला. मी थांबले. मग पावलं पुन्हा सुरू झाली, डावं, उजवं, आणि खालचा दरवाजा लागेपर्यंत मी आत गेले नाही.